आजाऱ्याची बंडी

इतिहास म्हटला की आपल्यापुढे लढाया येतात, तह येतात, राजे-रजवाडे येतात. पाठ्यपुस्तकांतही बहुतेक तेच असते. पण माणसाच्या अंगावरच्या कपड्यालाही इतिहास असतो, आणि कधी कधी तो लढाईच्या इतिहासापेक्षा अधिक शिकवून जातो. आज अशाच एका अगदी साध्या कपड्याची हकिकत सांगणार आहे. इंग्रजीत त्याला ‘बेड जॅकेट’ म्हणतात. बेड म्हणजे बिछाना आणि जॅकेट म्हणजे आखूड कोट. आपण त्याला आजाऱ्याची बंडी म्हणू या. ही बंडी कोणत्या गरजेतून आली, ती कोणी शिवली, ती मागे का पडली, हे आधी पाहू. आणि मग ती आपल्याला घरी कशी शिवता येईल, तेही शेवटी सांगेन.

आधी गरज काय, ते पाहा. आजारी माणूस अंथरुणात निजलेला असतो तोवर पांघरुणाने त्याचे काम भागते. पण त्याला पेज पाजायची, औषध द्यायचे, म्हणून आपण पाठीशी उशी देऊन त्याला बसते करतो. बसते केले की पांघरूण घसरून कमरेवर येते. खांदे, पाठ, दंड उघडे पडतात. बरे, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यावे, तर हात आत अडकतात. मग वाटी धरायची कशी? शाल पांघरली तर ती घास घेताना घसरते. सदरा घालावा म्हटले तर डोक्यावरून घालताना हात वर करावे लागतात, आणि दुखणेकऱ्याला नेमके तेच जमत नाही. म्हणून कपडा असा हवा, की जो पुढून उघडा असेल, बसल्या जागी मागून घालता येईल, खांदे नि हात झाकील, कमरेखाली येऊन अंगाखाली चुरगळणार नाही, आणि हात मोकळे ठेवील. बेड जॅकेट म्हणजे एवढेच. पण ही साधी गोष्ट जगाच्या ध्यानात यायला पुष्कळ माणसे थंडीने कुडकुडावी लागली.

आता आपण सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे जाऊ. सन १८५४. रशिया एका बाजूला, आणि इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्तान दुसऱ्या बाजूला, असे युद्ध काळ्या समुद्राच्या काठी क्रिमिया नावाच्या द्वीपकल्पावर चालू झाले. सप्टेंबर महिन्यात इंग्रजी फौज तेथे उतरली. माणसे आधीच पटकीने खचलेली. ओझे पेलवेना, म्हणून शिपायांच्या पाठीवरच्या पिशव्या मागेच ठेवण्यात आल्या. त्या पिशव्यांतच त्यांचे जादा सदरे आणि मोजे होते. पुढे १४ नोव्हेंबरला बालाक्लाव्हा बंदराच्या तोंडाशी भयंकर वादळ झाले आणि ‘प्रिन्स’ नावाचे जहाज बुडाले. फौजेचे हिवाळी कपडे त्याच जहाजात होते. झाले! अंगावरच्या फाटक्या कपड्यांनिशी त्या फौजेने बर्फातला हिवाळा काढला.

या युद्धाने कपड्यांच्या जगाला काही नावे दिली, ती मोठी गमतीची आहेत. त्या फौजेचा सरसेनापती लॉर्ड रॅग्लन. १८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. खांद्यावर मुंढ्याची शिवण न घेता थेट गळ्यापर्यंत नेलेल्या बाहीला ‘रॅग्लन’ बाही म्हणतात, ती त्याच्या नावाने. घोडदळाच्या प्रसिद्ध हल्ल्याचा पुढारी अर्ल ऑफ कार्डिगन. पुढून बटणे असलेल्या लोकरी स्वेटरला आजही कार्डिगन म्हणतात. आणि ज्या गावाजवळ ती लढाई झाली त्या बालाक्लाव्हाचे नाव पुढे एका टोपीला मिळाले. ती टोपी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे शेतावर जाणारा गडी, एस. टी.ची वाट पाहत उभे असलेले आजोबा, यांच्या डोक्यावर जी कान-गळा झाकणारी माकडटोपी असते, तीच ती बालाक्लाव्हा टोपी. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचे नाव असलेली टोपी आपल्या शिवारापर्यंत आली, हा काही लहान प्रवास नव्हे.

पण या तीन नावांच्या पंक्तीला एक चौथे नाव आहे, ते फारसे कोणाला ठाऊक नसते. ते आहे ‘नाइटिंगेल’. आणि तीच आपली आजाऱ्याची बंडी.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. हातात दिवा घेतलेली बाई, एवढे चित्र पुस्तकात असते. त्या ४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांना घेऊन इस्तंबूलच्या समोर, पलीकडच्या तीरावर असलेल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथे काय होते? एका प्रचंड बराकीत मैलभर लांबच्या लांब अंथरुणे. क्रिमियातून जहाजाने आलेले शिपाई रक्ता-मातीने भरलेल्या त्याच कपड्यांत पडलेले. आणि सदरे मागितले तर उत्तर काय मिळे? नियमाप्रमाणे शिपायाने रुग्णालयात येताना आपले कपडे आपणच आणायचे असतात! पिशव्या तर क्रिमियाला उतरतानाच सोडलेल्या. नियम कागदावर बरोबर होता. फक्त त्या नियमात थंडीने काकडणारा माणूस कोठे बसत नव्हता.

मंडळी, मला या हकिकतीतली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बंदुकीचा हिशेब कोणीतरी ठेवत होते, घोड्यांच्या दाण्याचाही हिशेब होता. आजारी माणसाच्या अंगावरचा सदरा मात्र कोणाच्याच खात्यात नव्हता. नाइटिंगेलबाईंनी तो आपल्या खात्यात घेतला. वर्गणीतून जमलेल्या पैशांतून त्यांनी सदरे, मोजे, चादरी विकत घेतल्या. एक घर घेऊन तेथे पाणी तापवायची भांडी बसवली आणि शिपायांच्या बायकांना कपडे धुण्याचे काम दिले. केवळ कपड्यांनी मृत्यू थांबले असे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी १८५५ मध्ये त्या रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या घरात गेले होते. मार्चमध्ये इंग्लंडहून आलेल्या स्वच्छता-मंडळाने तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली, आणि उन्हाळ्यापर्यंत ते प्रमाण झपाट्याने खाली आले. नाइटिंगेलबाईंनी त्यातून आयुष्यभराचा धडा घेतला: औषधाच्या आधी स्वच्छ पाणी, मोकळी हवा, ऊब आणि कोरडे कपडे.

१८५९ साली त्यांनी परिचर्येवर एक लहानसे पुस्तक लिहिले. ते डॉक्टरांसाठी नव्हते. घरी दुखणेकऱ्याची सेवा करणाऱ्या बायकांसाठी होते. त्यात एक फार व्यवहारी सूचना आहे. आजाऱ्याच्या अंगातली ऊब पहाटेच्या वेळी सर्वांत कमी असते, म्हणून त्या वेळी त्याचे पाय हात लावून पाहावेत आणि थंड लागले तर लगेच ऊब द्यावी, असे त्या सांगतात. आपल्या घरच्या आजीबाईही हेच करतात, नाही का?

आणि त्या स्वतः? क्रिमियात १८५५ साली त्यांना जबर ताप आला आणि त्या दुखण्याने पुढे कितीतरी वर्षे त्यांचा पिच्छा सोडला नाही. आयुष्याचा फार मोठा काळ त्यांनी बिछान्यात किंवा कोचावर बसून काढला. पण हात थांबले नाहीत. बिछान्यात बसूनच त्यांनी हजारो पत्रे लिहिली, मंत्र्यांना बोलावून घेऊन कामे सांगितली, आकड्यांचे तक्ते केले. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. पण येथील लष्कराच्या आणि खेड्यांच्या आरोग्याविषयी त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी खेड्यांतील स्वच्छतेसंबंधी त्यांचा पत्रव्यवहार होता. म्हणजे पाहा, लंडनमधल्या एका अंथरुणावरून आपल्या गावच्या विहिरीची आणि उकिरड्याची काळजी कोणी करीत होते.

त्यांच्या सन्मानार्थ ज्या वस्त्राला ‘नाइटिंगेल’ हे नाव मिळाले, त्याचे वर्णन १८८२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या शिवणकामाच्या एका मोठ्या कोशात आले आहे. ते वस्त्र इतके सोपे की ऐकूनच ध्यानात राहील. साधारण पन्ह्याची दोन वार फलालीन घ्यायची. एका लांब काठाच्या बरोबर मध्यावर सहा इंच खोल सरळ चीर द्यायची. चिरेमुळे झालेली दोन टोके बाहेर दुमडली की झाली कॉलर. पुढचे दोन कोपरे मनगटापाशी उलटे दुमडले की झाले कफ. ना बाही कापायची, ना मुंढा बेतायचा. कापडाचा तुकडा वाया जात नाही. हे वस्त्र शालीसारखे मागून खांद्यावर टाकायचे, हात कफांत घ्यायचे, आणि गळ्याशी बंद बांधायचा. अंग हलवणे ज्याला कठीण, अशा माणसालाही ते सुखाने घालता येते.

आता हे घरोघर पोहोचले कसे? त्याला दोन गोष्टींचा हातभार लागला. पहिली म्हणजे शिवणयंत्र. अमेरिकेत एलियस हौ याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये आपापल्या यंत्रांचे पेटंट घेतले. यंत्र महाग होते. म्हणून सिंगरच्या कंपनीने १८५६ पासून ते हप्त्याने द्यायला सुरुवात केली. आज आपण हप्त्याने ट्रॅक्टर घेतो, टी. व्ही. घेतो, संसारी माणसाने हप्त्याने यंत्र घ्यायचे ही चाल पाडण्यात शिवणयंत्राचा वाटा मोठा आहे. महात्मा गांधींचा यंत्रांविषयीचा कटाक्ष आपल्याला माहीत आहे. पण १९२४ साली एका मुलाखतीत त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा मुद्दाम अपवाद केला. हाताने टाके घालून शिणणाऱ्या बायकोचे कष्ट पाहवेनात, म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र केले, असे त्यांनी सांगितले. यंत्रामागे लोभ आहे की प्रेम आहे, हा त्यांचा निकष होता.

दुसरी गोष्ट म्हणजे कागदी बेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात एबेनेझर बटरिक नावाचा एक शिंपी होता. त्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कापलेले कागदी बेत विकायला काढले. कागद कापडावर ठेवावा, कडेने कातर चालवावी. जी विद्या शिंप्याच्या हातात होती ती टपालाने कोणाच्याही घरात जाऊ लागली. पुढे साप्ताहिकांतून, मासिकांतून असे बेत येऊ लागले, आणि सूनबाईने सासूसाठी, आईने बाळंतिणीसाठी बेड जॅकेट शिवावे ही तिकडे घरोघरची रीत झाली.

तिकडे ही रीत रुजायला हवाही कारण होती. इंग्लंडमधली घरे म्हणजे दिवाणखान्यात कोळशाची शेगडी आणि निजण्याच्या खोल्या बर्फासारख्या गार. शिवाय बाळंतीण झालेल्या बाईने दहा ते चौदा दिवस अंथरूण सोडायचे नाही, असा दंडक होता. मुलाला अंगावर पाजायचे, पाहुण्यांना भेटायचे, सारे बिछान्यातूनच. पुढून उघडणारे बेड जॅकेट तिला फार सोयीचे पडे. १९२० ते १९५० या काळात त्याचा डौलही वाढला. सॅटिनची, लेस लावलेली, पिसांची कड असलेली जॅकेटे सिनेमातल्या नट्या घालू लागल्या आणि दुकानांतून ती मिरवू लागली. पण हा भाग थोड्या श्रीमंतांचा. साध्या घरात जाड फलालिनीचे किंवा लोकरीचे विणलेले जॅकेटच असे.

दोन महायुद्धांत या कपड्याचे मूळ काम पुन्हा वर आले. १९१४ नंतर गावोगाव बायकांची शिवणमंडळे बसली आणि रेड क्रॉससाठी पट्ट्या, पायजमे, बेड जॅकेटे शिवून रुग्णालयांना पाठवू लागली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कापडाची इतकी टंचाई झाली, की १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने मिळाली, पुढे ती आणखी कमी झाली, आणि हे रेशनिंग मार्च १९४९ पर्यंत चालले. १९४३ मध्ये सरकारनेच एक पुस्तिका काढून लोकांना जुन्याचे नवे करायला शिकवले. जुनेर फाडून गोधडी आणि तान्ह्या मुलाची कुंची शिवणाऱ्या आपल्या बायकांना यात नवे काही वाटणार नाही. आपल्याकडे ती पुस्तिका कोणी छापली नव्हती. ती आजीकडून नातीच्या हातात जात होती.

मग एवढा उपयोगी कपडा मागे का पडला? त्याचे कारण मोठे विचार करण्यासारखे आहे. तोवर डॉक्टरांचा समज असा, की अंथरुणात पडून राहणे म्हणजेच विश्रांती आणि विश्रांती म्हणजेच उपचार. शस्त्रक्रिया झाली, पडून राहा. बाळंतपण झाले, पडून राहा. १९४७ साली रिचर्ड अॅशर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या समजुतीवर एक सडेतोड लेख लिहिला. अंथरुणात विनाकारण पडून राहिले तर पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात, सांधे आखडतात, हाडे झिजतात, आणि मनही खचते, हे त्यांनी एकेक अवयव घेऊन मांडले. हळूहळू रोग्याला लवकर उठवण्याची पद्धत सर्वत्र आली. घरे गरम ठेवण्याची साधने आली. तिकडे बेड जॅकेट पेटीत गेले.

कोणी म्हणेल, मग आता हे कशाला सांगता? सांगतो. डॉक्टर अॅशर यांचे म्हणणे खरेच आहे. पण पाहा, आजाऱ्याची बंडी हा पडून राहण्याचा कपडा नाहीच मुळी. तो उठून बसण्याचा कपडा आहे. पांघरुणाखालून माणसाला बाहेर काढणारा तो कपडा आहे. खांदे उघडे पडतात म्हणून जे म्हातारे माणूस ‘राहू दे, मला पडू दे’ म्हणते, तेच अंगात ऊबदार बंडी असली तर बसून चहा घेते, नातवाशी चार गोष्टी बोलते, आल्या-गेल्याला हात जोडते. शिवाय अंगावर नीटनेटका कपडा असला म्हणजे आजारी माणसाला आपण अजून माणसांत आहोत असे वाटते. ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात शिवणकाम आणि रुग्णसेवा या दोन गोष्टींचे नाते जुने आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, त्यामागे रमाबाई रानडे यांची खटपट होती. त्या काळी विधवा, परित्यक्ता बायकांना पायांवर उभे करण्यासाठी सेवासदनाने जे शिक्षण दिले, त्यात शिवणकामही होते आणि परिचारिकेचे कामही होते. रुग्णाच्या मळक्या कपड्यांना हात लावणे हलके मानले जाई, तेव्हा चांगल्या घरच्या मुलींना त्या कामाकडे वळवणे हे मोठे धाडस होते.

आणि कपड्याचा हा घाट आपल्याला परका नाही. बाराबंदी पाहा: पुढून उघडी, बंदांनी बांधायची, बटण नाही. बाळाचे झबले पाहा: बाही वेगळी लावायची नाही, अंगाबरोबरच कापायची. ज्या बाईला झबले शिवता येते, तिला आजाऱ्याची बंडी शिवता आलीच म्हणून समजा. झबले मोठे केले, पुढून उघडे ठेवले, बंद लावले, की काम झाले. ते कसे करायचे, ते आता सांगतो. शिक्षक मंडळींनी हवे तर फळ्यावर आकृती काढावी.

कापड ९० सेंटिमीटर पन्ह्याचे, १२० सेंटिमीटर लांब घ्या. थंडीसाठी फलालीन किंवा जाड मऊ सुती. उन्हाळ्यासाठी धुऊन मऊ झालेले धोतर किंवा लुगड्याचा चांगला भाग उत्तम. नवे कापड आधी पाण्यातून काढून वाळवा, म्हणजे शिवल्यावर आटणार नाही.

कापडाची आडवी घडी घाला, म्हणजे लांबी ६० सेंटिमीटर होईल. ही घडी खांद्यावर येते. मग उभी घडी घाला, म्हणजे रुंदी ४५ होईल. ही घडी अंगाच्या मध्यावर येते. आता कापडाचे चार पदर झाले. जेथे दोन्ही घड्या मिळतात तो कोपरा गळ्याचा. तेथून खांद्याच्या घडीवर साडेसात सेंटिमीटरवर खूण करा. मधल्या घडीवर खाली २ सेंटिमीटरवर मागच्या गळ्याची आणि ८ वर पुढच्या गळ्याची खूण करा. आधी चारही पदर मागच्या गळ्याइतकेच कापा. पुढचा गळा नंतर फक्त पुढच्या दोन पदरांवर कापा. ही चूक फार जणींची होते, म्हणून जपून.

बाहीसाठी कापडाच्या मोकळ्या कडेवर खांद्याच्या घडीपासून खाली २४ सेंटिमीटरवर खूण करा. अंगासाठी खालच्या काठावर मधल्या घडीपासून २९ सेंटिमीटरवर खूण करा. हे माप साधारण ९० सेंटिमीटर छातीच्या माणसाला सैल बसते. स्थूल माणसासाठी छाती मोजा, तीत २० मिळवा, चाराने भागा आणि वर दीड सेंटिमीटर शिवणीची माया धरा. बाहीच्या खुणेपासून आत आडवी रेघ आणि अंगाच्या खुणेपासून वर उभी रेघ काढा. जेथे त्या मिळतात तेथे कोपरा टोकदार ठेवू नका. बगलेत गोलाई द्या, नाहीतर तेथे ओढ बसून कापड फाटते. रेघांवरून कापा. मग घड्या उलगडा आणि पुढचा एकच पदर मधोमध गळ्यापासून खालपर्यंत चिरा. बंडी कापून झाली. आधी जुन्या वर्तमानपत्रावर हा बेत कापून पाहिला तर अधिक बरे.

शिवणी दोनच: प्रत्येक बाजूला बाहीखालून बगलेतून खालपर्यंत एक. यंत्र नसेल तर हाताने बारीक उलटी टीप घाला. बगलेतल्या गोलाईवर मायेला दोन-तीन बारीक काप द्या, पण टिपेला धक्का लागू देऊ नका. शिवण आतून दुमडून सपाट शिवावी, कारण अशक्त माणसाच्या अंगाला जाड शिवण टोचते. बाह्या, पुढची कड आणि खालचा घेर दुमडून हातशिलाई करा. गळ्याला मऊ कापडाची तिरकी पट्टी लावा. पुढे तीन ठिकाणी एकेक वीत लांबीचे बंद लावा. बटणे शक्यतो नकोत. थरथरत्या हातांना ती लावता येत नाहीत. बंद मात्र गाठ न मारता नुसत्या सरफाशाने बांधावेत, आणि मानेभोवती आवळतील असे नकोत. हाताला सलाईन किंवा पट्टी असेल, तर त्या बाजूची शिवण टिपेने न जोडता तेथेही बंद लावा. म्हणजे हात न हलवता बंडी घालता-काढता येते.

एक सूचना कळकळीने करतो. लव असलेले सुती कापड झटकन पेट घेते. इंग्लंडमध्ये असल्या स्वस्त कापडाने पुष्कळ मुले भाजली होती. म्हणून अशी बंडी अंगात असताना बाळंतिणीने किंवा म्हाताऱ्या माणसाने शेगडीजवळ, चुलीजवळ बसू नये. ऊब कपड्याची घ्यावी. विस्तव लांब ठेवावा.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुला-मुलींकडून बरेच काही करून घेतले जाते. वर्षातून एकदा प्रत्येक वर्गाने अशी एक बंडी शिवली आणि गावातल्या एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला नेऊन दिली, तर कसे होईल? खर्च थोडा. मापात गणित येते, कापण्यात भूमिती येते, आणि क्रिमियाच्या हकिकतीने इतिहासही येतो. मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही सुई धरावी. दुखणेकऱ्याची सेवा ही बायकांचीच कामगिरी आहे असे मानण्याचे आता कारण उरलेले नाही.

सेनापतींच्या नावाची बाही आणि स्वेटर जगभर चालू राहिले. रुग्णसेविकेच्या नावाचे वस्त्र मात्र विसरले गेले. असे का व्हावे? शेवटी कारण तेच: आजाऱ्याचा सदरा कोणाच्याच खात्यात नसतो. रुग्णालये झाली, डॉक्टर झाले, औषधे झाली, ती सर्व हवीतच. तरी पहाटे थंडी वाजते तेव्हा अंगावर काय आहे, हा प्रश्न घरच्याच माणसाने सोडवायचा असतो. दोन शिवणी, सहा बंद आणि सव्वा मीटर कापड, एवढ्यात तो सुटतो. थंडी पडायच्या आत आपल्या घरात किंवा शेजारी कोणाला गरज आहे ते पाहून ठेवा, आणि कातर हातात घ्या.